तिरक्या रेघांचा पत्ता

व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईत, गल्लीतल्या घराचा पत्ता तिरक्या रेघा मारून लिहितात. समजा ४५/१२/७ असं लिहिलंय. मग मुख्य रस्त्यावर ४५ नंबरपाशी गल्ली आत वळते, त्या गल्लीत १२ नंबरपाशी बोळ फुटतो आणि त्या बोळातलं सात नंबरचं घर आपलं. रेघा वाढतात तसं घरभाडं उतरतं. टॅक्सी पहिल्याच रेघेपाशी थांबते, पुढे दुचाकी किंवा पाय.

आमची खोली अशाच एका बोळात होती, न्गोक हा भागात. पूर्वी हे फुलं पिकवणारं गाव होतं, आता शहराच्या पोटात गेलंय. हालाँग बेची बोट आणि कू चीची युद्धातली भुयारं ही पर्यटकांची ठरलेली ठिकाणं यूट्यूबवर मुबलक आहेत, त्यामुळे त्यांना इथे रजा.

घर जेमतेम साडेतीन मीटर रुंद, आत लांबच लांब आणि वर पाच मजले. हनोईत अशीच घरं. पूर्वी दर्शनी बाजूच्या रुंदीवर कर लागायचा म्हणून घरं अरुंद झाली, असं तिथे सगळे सांगतात. शेजारची जागा मोकळी असली तरी बाजूच्या भिंतीला खिडकी नाही, कारण उद्या तिथेही पाच मजले चढणारच. तळमजल्यावर दिवाणखाना, आणि रात्री त्याच दिवाणखान्यात सोफ्याला खेटून घरातल्या तिन्ही दुचाकी उभ्या. पेट्रोलच्या वासात टीव्ही बघायची सवय दोन दिवसांत होते. दारावर एक छोटी पाटी होती, ‘सुसंस्कृत कुटुंब’ अशा अर्थाची. वॉर्डाकडून मिळते. घरमालकीण आजींना तिचा अभिमान होता, त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या नातीला हसू यायचं. आमचं सगळं बोलणं या नातीमार्फत.

घर असं बोगद्यासारखं असलं की माणसं बाहेर येणारच. सकाळी सहाला बोळाच्या तोंडाशी एक बाई स्टोव्ह मांडून चिकट भाताचा ‘सोई’ विकायची, मुगाची डाळ आणि तळलेला कांदा घालून. तिच्या शेजारी न्हावी. त्याने कंपाउंडच्या भिंतीला आरसा टांगला होता, झालं दुकान. पुढे ‘चा दा’वाली, म्हणजे बर्फाचा चहा विकणारी. एक थर्मास, एक बर्फाची पेटी, शेंगदाण्याच्या चिक्कीची बरणी, सुट्या सिगारेटी आणि गुडघ्याएवढी प्लॅस्टिकची स्टुलं. ग्लास पाच हजार डोंगचा, म्हणजे आपले साधारण सोळा-सतरा रुपये. बाजूला बांबूची लांब नळी टेकवलेली, पाण्यातून तंबाखू ओढायची. कोणीही यावं, तीच नळी उचलावी, एक झुरका मारून क्षणभर डोळे फिरवावेत आणि कामाला लागावं. बसल्या बसल्या पहिला प्रश्न वयाचा. त्यात आगाऊपणा नसतो. समोरच्याला ताई म्हणायचं की मावशी, हे ठरल्याशिवाय त्यांचं वाक्यच सुरू होत नाही.

हे सगळं बेकायदा आहे, निदान कागदावर. मधूनमधून वॉर्डाची गाडी फुटपाथ मोकळे करत फिरते. गाडी दोन चौक लांब असतानाच बातमी येते. चहावाली एका हाताने थर्मास आणि दुसऱ्या हाताने स्टुलांची चळत उचलून जवळच्या दारात शिरते, गिऱ्हाईक ग्लास हातात धरून उभं राहतं. गाडी गेली की सगळे परत त्याच जागी. २०१७ मध्ये हनोई आणि हो चि मिन्ह सिटी या दोन्ही शहरांत मोठी मोहीम निघाली होती, पायऱ्या आणि ओटेसुद्धा फोडले गेले. स्टुलं अजून आहेत.

त्याच वर्षी हनोईच्या महापालिकेने म्हटलं होतं की वॉर्डाच्या भोंग्यांचं काम आता संपलं. विजेच्या खांबांवर बसवलेले हे भोंगे अमेरिकेशी झालेल्या युद्धात विमानं येताहेत हे सांगायचे. आता लसीकरणाची तारीख, स्वच्छता दिन आणि अधूनमधून जोशपूर्ण गाणी. २०२२ मध्ये शहराने बरोबर उलटं ठरवलं, सगळ्या वॉर्डांत भोंगे पुन्हा सुरू करायचे. नातीच्या मते फोन असताना हे कशाला? आजी मात्र कान देऊन ऐकायच्या आणि मग तीच बातमी चहावालीला सांगायला जायच्या.

आमच्या बोळापासून चालत जाण्याच्या अंतरावर हुउ तिएप नावाचं तळं आहे. चारी बाजूंनी घरं, कठड्यावर वाळत घातलेले कपडे, आणि मधोमध हिरव्या पाण्यातून वर आलेले अमेरिकन बी-५२ विमानाचे तुकडे. २७ डिसेंबर १९७२ च्या रात्री पाडलेलं हे विमान लोकांनी तिथेच राहू दिलंय. मी बराच वेळ बघत उभा होतो, पण बाकी कुणाचं लक्षही नव्हतं. शेजारी भाजी निवडली जात होती, एक काका फांदीला पिंजरा टांगून बुलबुलाला बोलतं करत होते. देशातले निम्म्याहून अधिक लोक युद्ध संपल्यावर, म्हणजे १९७५ नंतर, जन्मलेत. त्यांच्या गप्पांत घराचे भाव आणि मुलांच्या शिकवण्या असतात.

आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते, की शिवाजी महाराजांचा आदर्श ठेवून व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं, असं त्यांच्याच नेत्याने सांगितलं म्हणे. पिंजरेवाल्या काकांना नातीमार्फत विचारलं. त्यांना हे नाव नवीन होतं. मग त्यांनी मला चान हुंग दाओची गोष्ट ऐकवली. १२८८ मध्ये या सेनापतीने बाक दांग नदीच्या तळात टोकदार खांब रोवून ठेवले, भरतीला मंगोल जहाजांना त्यांच्यावरून येऊ दिलं आणि ओहोटी लागल्यावर ती जहाजं खांबांवर अडकवून जाळली. गनिमी कावा त्यांना कोणाकडून उसना घ्यायची गरज नव्हती. महाराजांची थोरवी अशा फॉरवर्डवर अवलंबून नाही हे माझं मत, आणि त्यावर पुण्यात वाद घालायला मी तयार आहे.

दुपारी बारानंतर हे सगळं शहर झोपतं. बँकेतली माणसं टेबलाखालून घडीची खाट काढतात. दुचाकीवाले आपल्याच सीटवर आडवे होतात, पाय हँडलवर, आणि पडत नाहीत. पहाटे पाचला उठून तळ्याकाठी व्यायाम करणाऱ्यांना ही झोप शोभते. दुपारी एकला एका कचेरीत शिक्क्यासाठी गेलो होतो, तर पहारेकऱ्याने ओठांवर बोट ठेवलं.

शाकाहारी मंडळींसाठी कामाची गोष्ट: चांद्र महिन्याचा पहिला दिवस आणि पौर्णिमा. या दोन दिवशी पुष्कळ लोक मांस-मासळी टाळतात आणि ‘कम चाय’ची, म्हणजे शाकाहारी जेवणाची दुकानं ओसंडून वाहतात. एरवी साध्या पालेभाजीतही नुओक माम, म्हणजे माशाचा सॉस, पडलेला असू शकतो. सोयाबीनचं पनीर टोमॅटोच्या रश्शात, केळफुलाची कोशिंबीर आणि भात, असं मी पोटभर जेवलो.

आम्ही होतो तो त्यांचा सातवा चांद्र महिना. त्या पौर्णिमेला पितरांचं करतात. हे आपल्या पितृपक्षाच्या इतकं जवळ आहे की माझ्या आईला फोनवर काही समजावून सांगावं लागलं नाही. घराच्या वरच्या मजल्यावर देव्हारा, त्यात आजोबांचा फोटो, पुढे फळं, बिअरचा डबा आणि चोको पाय. ज्यांचं कोणी उरलं नाही अशा भटक्या आत्म्यांसाठी दाराबाहेर पातळ पेज, लाह्या, आणि शेवटी तांदूळ आणि मीठ रस्त्यावर उधळायचं.

शिवाय जाळायच्या कागदी वस्तू. त्यांचा बाजार हांग मा रस्त्यावर भरतो. नोटांची पुडकी, शर्ट, घड्याळ, तीन मजली बंगला, सगळं कागदाचं. आजींनी आजोबांसाठी स्कूटर आणि आयफोन घेतला. त्या खोक्यात चार्जर आहे का हे त्यांनी नीट बघून घेतलं. होता, कागदाचा. नातीने आठवण करून दिली की बौद्ध संघाने २०१८ मध्येच पत्रक काढून देवळांतून हे जाळणं बंद करा म्हटलंय. आजी म्हणाल्या, देवळात कोण जाळतंय, मी तर फुटपाथवर जाळते. आणि दारासमोर जुना पत्र्याचा डबा ठेवून त्यांनी आधी स्कूटर पेटवली. चहावालीने तिची स्टुलं थोडी मागे सरकवून दिली.