तुम्ही विचारलंत म्हणून: नियम ठरलेले, मग शिकायचं काय?

लेखा सेवेतून निवृत्त झाल्यापासून नौपाड्यातले शेजारी आणि नव्याने रुजू झालेली मुलं मला एकच प्रश्न विचारतात. “मॅडम, नमुने ठरलेले, नियम ठरलेले, मग हिशेबाच्या माणसाला पुन्हापुन्हा प्रशिक्षणाला कशाला पाठवतात?” शेजाऱ्यांच्या विचारण्यात थोडा टोमणा असतो, मुलांच्या विचारण्यात धास्ती. आधी मुलांना उत्तर देते.

नियम ठरलेले आहेत, पण कुठल्या इमारतीतले? बेलापूरला जाऊन पाहा. कोकण भवन, सिडको भवन आणि नवी मुंबई महापालिकेचं मुख्यालय, तिन्ही एकाच सीबीडीत, म्हणजे बेलापूरच्या व्यापारी केंद्रात. कोकण भवनातल्या राज्य सरकारी कार्यालयांचा हिशेब रोखीवर: पैसे गेले तेव्हा खर्च, आले तेव्हा जमा. महापालिकांचा हिशेब उपार्जित पद्धतीने, म्हणजे पैसे हलायची वाट न पाहता येणं किंवा देणं तयार झालं की नोंद; आणि दुहेरी नोंदीचा, प्रत्येक व्यवहार जमा-नावे अशा दोन्ही बाजूंना. त्यासाठीची राष्ट्रीय लेखा पुस्तिका २००४ साली आली. सिडको १९७० पासून कंपनी, म्हणून तिचे ताळेबंद कंपनी कायद्याप्रमाणे.

याचा टेबलावर काय परिणाम होतो ते सांगते. काम मार्चमध्ये पुरं झालं, ठेकेदाराचं देयक ३१ मार्चला पडून राहिलं. कोकण भवनात तो त्या वर्षाचा खर्च नाही. महापालिकेत तो खर्चही आहे आणि देणंही. मालमत्ता कराची मागणी काढली की वसुली होवो न होवो, ते त्या वर्षाचं उत्पन्न. मग जुन्या थकबाकीतली किती बुडीत धरायची, त्याची तरतूद करावी लागते. ठेकेदाराची सुरक्षा ठेव तर तिजोरीत असूनही आपली नव्हे, ती परत करायची असते.

आता महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेतला अधिकारी प्रतिनियुक्तीवर महापालिकेत येतो. हुशार असतो, पण कोषागारात, म्हणजे सरकारी तिजोरीच्या रोखीच्या हिशेबात मुरलेला. त्याची नजर आधी शिल्लक रकमेवर जाते, देण्यांवर नंतर. बँकेत पैसे दिसतात म्हणून नवी कामं मंजूर करायला हरकत घेत नाही. ही सवय मोडायला वेळ लागतो, आणि त्याची बदली साधारण तीन वर्षांत होते. एका आर्थिक वर्षाचा एप्रिलपासून लेखापरीक्षणापर्यंतचा फेरा एकदा नीट पाहून होतो, तोवर निम्मा काळ सरलेला.

त्यात कायदे हलतात. १ ऑक्टोबर २०१८ पासून अडीच लाखांवरच्या करारांच्या देयकातून दोन टक्के जीएसटी कापायचा असतो. कापून भागत नाही. पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत जीएसटीआर-७ हे कपातीचं विवरणपत्र भरलं नाही तर ठेकेदाराला ती रक्कम त्याच्या खात्यात दिसत नाही, आणि तो तुमच्या दारात उभा. ठेकेदाराच्या देयकातून आयकर कापायचं १९४सी कलम बिल लिपिकांना झोपेतही आठवायचं. २०२५ च्या नव्या आयकर अधिनियमात, म्हणजे १ एप्रिल २०२६ पासून, ती कपात कलम ३९३ मध्ये गेली. कपातीचं तत्त्व जुनंच, पण चलन भरताना जुना आकडा चालत नाही.

म्हणून प्रशिक्षण हवंच. मात्र जे दिलं जातं त्यातलं बरंचसं मला पटत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये, अंदाजपत्रक आणि वर्षअखेर डोक्यावर असताना सभागृह भरवायचं, अधिकाऱ्यांना पुढे बसवायचं, आणि ज्याच्या हातून रोजच्या नोंदी होतात त्या लिपिकाला कार्यालय सांभाळायला मागे ठेवायचं. आयगॉट या सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण संकेतस्थळावरचे ऑनलाइन अभ्यासक्रम पाया समजायला चांगले, पण कितीजण व्हिडिओ चालू ठेवून फाइल तपासत बसतात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

माझ्या मते खरं पाठ्यपुस्तक म्हणजे लेखापरीक्षणाचे पॅरे, म्हणजे लेखापरीक्षकांनी लिहून ठेवलेले आक्षेप. शक्यतो दुसऱ्या विभागाचे, कारण स्वतःच्या पॅऱ्यावर माणूस लगेच खुलासा लिहायला बसतो. मी वर्ग घेते तेव्हा एक पॅरा देते आणि लिपिक-अधिकारी जोडीने बसवते. उदाहरणार्थ तसलमात, म्हणजे कामासाठी दिलेली आगाऊ रक्कम: कार्यक्रमासाठी उचल घेतली, कार्यक्रम झाला, उचल घेणारा बदलून गेला, रक्कम वर्षानुवर्षं असमायोजित, म्हणजे तिचा हिशेब लागलेलाच नाही. “त्यांच्या काळातलं आहे,” असं म्हणून सगळे हात झटकतात. मी विचारते, कुठली नोंदवही महिनाअखेरीला उघडली असती तर हे तिथेच अडलं असतं? तसलमात नोंदवही असं उत्तर येतं. मग पुढचा प्रश्न: ती तुमच्याकडे कोण उघडतं? इथे बहुधा शांतता पसरते, आणि खरं शिक्षण तिथून सुरू होतं.

शेजाऱ्यांसाठीही उत्तर आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी शहरी संस्थांना अट घातली: आदल्या वर्षाचे तात्पुरते आणि त्याच्या मागच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन खुले करा, नाहीतर अनुदान नाही. हिशेब वेळेत बंद करणारी माणसं तयार नसतील तर दिल्लीहून येणारा पैसा अडतो, आणि गटार-रस्त्यांची कामं लांबतात. तुम्ही भरलेला मालमत्ता कर एकटा त्याला पुरत नाही.

आता मुलांचा हमखास येणारा शेवटचा प्रश्न, कुठल्या कोर्सला नाव घालू? आधी आपल्या टेबलाचे प्रलंबित पॅरे मागून घ्या. जास्त कशाचे निघतात ते पाहा: कपातीचे, बँक ताळमेळाचे, की तसलमातीचे. त्याच विषयाला नाव द्या, आणि अर्जात शेजारच्या लिपिकाचंही नाव टाका.