पातळी बरोबर, तरी ब्रेक मऊ

घाट उतरताना ब्रेकचं पेडल एकदम मऊ पडलं. चूक माझीच होती. खालच्या गिअरमध्ये यायचं सोडून मी चौथ्यातच ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतो. कशीबशी गाडी कडेला घेतली. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा नेहमीसारखं टणक! बॉनेट उघडून बघितलं, तर ब्रेक ऑइल डबीवरच्या मिन आणि मॅक्स रेघांच्या मधे, अगदी हवं तिथे. आता काय समजायचं?

आपण ऑइल म्हणतो, पण माझ्या गाडीतलं हे डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) म्हणजे तेल नव्हेच. ते ग्लायकॉल जातीचं द्रव आहे आणि हवेतलं बाष्प शोषत राहतं. नवं कोरं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा १५५ वर येते. ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि जोर चाकापर्यंत पोचतच नाही. गार झालं की बुडबुडे गायब. डबीवरच्या रेघेला यातलं काहीच कळत नाही. माझं ऑइल चार वर्षांचं होतं, पुस्तिकेत दर दोन वर्षांनी बदला असं लिहिलेलं.

तशी पातळी हळूहळू उतरते ती बहुधा ब्रेक पॅड झिजल्यामुळे. पूर्वी एकदा मी उत्साहाने मॅक्सपर्यंत भरलं होतं. नवे पॅड बसवताना पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलला आणि जास्तीचं ऑइल डबीतून बाहेर आलं. रंगावर पडलं ते मी नुसतं पुसलं, पाणी ओतलं नाही. तिथला रंग फुगून निघाला, तो डाग अजून आहे.

या वेळी सीलबंद बाटली आणली आणि लेकीला पेडलवर बसवलं. चाकाजवळच्या ब्लीडर निपलला, म्हणजे जुनं ऑइल बाहेर काढायच्या तोंडाला, पारदर्शक नळी लावली, नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलं.

"दाब. धरून ठेव."

"धरलंय."

निपल पाव फेरा सैल केला. चहासारखं तपकिरी ऑइल आलं. निपल घट्ट केला, मगच "सोड". हा क्रम चुकला की हवा आत. तिसऱ्या चाकापाशी माझं डबीकडे लक्षच राहिलं नाही, तळ दिसला आणि नळीत बुडबुडे आले. केलेली तिन्ही चाकं पुन्हा पहिल्यापासून.

"बाबा, पाय दुखतोय आता."

शेवटी चारही चाकांतून फिकट, स्वच्छ ऑइल आलं आणि पेडल वरच्यावर टणक लागलं. मोकळ्या जागेत अगदी हळू चालवून चार-पाचदा ब्रेक मारून बघितले, मगच रस्त्यावर काढली. बाटलीत पावभर उरलं होतं. झाकण उघडल्यावर तेही बाष्प ओढणारच, म्हणून ठेवलं नाही. जुन्या ऑइलबरोबर गॅरेजवाल्याकडे देऊन टाकलं.