आधी कर्जतचा पाऊस, मग बदलापूरचा: पावसाळ्यासाठी लिस्ट लावताना

मी बदलापूर पश्चिमेला राहते आणि नोकरीला दादरला जाते. जून ते सप्टेंबर मला रोज तीन गोष्टी कळायला हव्या असतात. लोकल चालू आहेत का, पुढच्या काही तासांत पाऊस कसा आहे आणि उल्हास नदी कुठवर चढली आहे. तिन्हींची उत्तरं एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, सरकारी खाती आणि हौशी निरीक्षक देत असतात. पण ॲप उघडलं की समोर येतं ते 'फॉर यू', आणि त्यात वेळेचा क्रम नसतो. लोकांनी ज्यावर जास्त वेळ घालवला ते वर येतं. हवामान खात्याचा नाउकास्ट हा जेमतेम तीन तासांचा इशारा. सकाळी सातला दिलेला नाउकास्ट दुपारी दोनला दिसला तर तो घातकच: थांबायला हवं तेव्हा माणूस निघतो आणि निघायला हवं तेव्हा घरी थांबतो.

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या बोटींनी हजाराच्या वर प्रवासी बाहेर काढले. त्या दिवशी आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकाच्या मोबाईलवर काही ना काही आलेलं होतं. स्क्रीनशॉट, व्हिडिओ, 'आत्ताच कळलं'. एकावरही वेळ नव्हती. मला पाहिजे त्याच खात्यांचं, ताजं ते सगळ्यात वर, असं एक पान हवं होतं आणि ते लिस्टमधून मिळतं हे मला त्याच पावसाळ्यात कळलं.

लिस्ट करणं अवघड नाही. एक्सच्या मेनूत 'लिस्ट' असतं, तिथे नवी लिस्ट काढायची, नाव द्यायचं, खाजगी ठेवायची की सार्वजनिक ते ठरवायचं. मग प्रत्येक खात्यावर जाऊन तीन टिंबांतून ते लिस्टमध्ये टाकायचं. त्या खात्याला फॉलो करावंच लागतं असं नाही, आणि ही फार सोयीची गोष्ट आहे: एरवी मला नको असलेली खाती फक्त पावसाळ्यापुरती एका कप्प्यात राहतात. लिस्ट सार्वजनिक असेल तर त्या खात्याला सूचना जाते, खाजगी असेल तर कुणालाच कळत नाही. सुरुवात खाजगी लिस्टनेच करावी असं मी सांगेन, कारण पहिले काही आठवडे नुसतं घाल-काढ चालू असतं. लिस्ट पिन केली की ती होमवर वरच्या ओळीत येते. पाचपर्यंत पिन करता येतात.

खरा वेळ गेला तो कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही यात. एका लिस्टमध्ये पाच हजार खाती मावतात, पण इतकी घातली तर तिचा उपयोगच संपतो. मी विषयानुसार नाही, तर मी कुठल्या क्षणी कुठला प्रश्न विचारते त्यानुसार लिस्ट केल्या. पहिलीचं नाव 'आत्ता'. स्टेशनवर उभं राहून बघायची ही लिस्ट. हवामान खात्याचं मुंबईचं प्रादेशिक केंद्र, मध्य रेल्वे, तिचा मुंबई विभाग, ठाण्याचं जिल्हा माहिती कार्यालय, वाहतूक पोलीस. ज्या पोस्टवरून मी लगेच काही करेन किंवा थांबेन, तशा पोस्ट टाकणारीच खाती यात. दुसरी 'आकाश'. रडारची चित्रं वाचून सांगणारे, हवामान-अंदाजाच्या मॉडेलांची तुलना करणारे, घराच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून रोजची नोंद देणारे हौशी लोक हिच्यात आहेत. ही लिस्ट रात्री जेवण झाल्यावर वाचायची. तिसरी 'गाव', म्हणजे पत्रकार आणि जागेवरून लिहिणारी माणसं.

वृत्तवाहिन्यांची खाती मी तिन्हींतून बाहेर ठेवली. ती दर काही मिनिटांनी काहीतरी टाकतात, राजकारणापासून क्रिकेटपर्यंत, आणि त्यात रेल्वेची एक ओळ हरवून जाते. त्यापेक्षा त्याच वाहिनीचा किंवा वर्तमानपत्राचा जो वार्ताहर रेल्वे किंवा ठाणे जिल्हा बघतो, त्याचं खातं घ्यावं. त्याला कुठल्या स्टेशनात काय होतं ते माहीत असतं आणि तो 'कुर्ला ते सायनदरम्यान रुळांवर पाणी' इतकं नेमकं लिहितो.

प्रत्येक खातं घेण्याआधी मी एक चाचणी लावते. गेल्या पावसाळ्यातला सर्वांत वाईट दिवस निवडायचा आणि त्या दिवशी त्या खात्यावरून काय आलं ते शोधून वाचायचं. जागा आणि वेळ लिहिली होती का? जुना व्हिडिओ आजचा म्हणून टाकला होता का? सायन, हिंदमाता, कुर्ला इथल्या जुन्या चित्रफिती दर पावसाळ्यात नव्याने फिरतात. आणि चूक निघाल्यावर पोस्ट गुपचूप काढली की दुरुस्ती लिहिली? दुरुस्ती लिहिणाऱ्यांवर माझा सर्वांत जास्त विश्वास आहे. निळ्या टिकवर मात्र मी काही ठरवत नाही. २०२२ च्या अखेरीपासून ती पैसे भरून मिळते. सरकारी खात्यांना करड्या रंगाची टिक असते, तरीही मी त्या कार्यालयाच्या वेबसाइटवर जाऊन तिथल्या दुव्यावरूनच खात्यापर्यंत पोचते.

आकड्यांची खाती 'आकाश'मध्येच का, 'आत्ता'मध्ये का नाहीत, याला कारण आहे. सांताक्रूझ आणि कुलाबा वेधशाळांचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजला जातो. २६ जुलै २००५ चे सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर सगळ्यांना पाठ आहेत, तोही असाच चोवीस तासांचा आकडा. सकाळी जाहीर झालेला आकडा कुणी संध्याकाळी पुन्हा टाकला की वाचणाऱ्याला वाटतं आज दिवसभरात इतका पडला, आणि घाबरण्याचं काही कारण नसताना फोन सुरू होतात. 'मुसळधार' आणि 'अति मुसळधार' या शब्दांनाही हवामान खात्याचे ठरलेले अर्थ आहेत. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार, त्याच्या वर गेला तर अत्यंत मुसळधार. हे आकडे मी लिस्टच्या वर्णनाच्या जागी लिहून ठेवलेत. लिस्ट उघडली की समोरच दिसतात.

नदीचं गणित बसवायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि त्याचंच समाधान जास्त आहे. उल्हास बदलापूरच्या पावसाने फुगत नाही. ती राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरांतून उतरते, कर्जत आणि नेरळवरून आमच्याकडे येते. बदलापुरात ऊन पडलेलं असताना इथल्या नदीकाठच्या चौपाटीवर पाणी चढू शकतं. मग मी 'नदी' नावाची चौथी लिस्ट केली आणि नदीच्या उलट दिशेने खाती शोधत गेले: आधी वांगणी, मग नेरळ, माथेरान, कर्जत, शेवटी लोणावळा-खंडाळा. रोज पावसाची नोंद टाकणारे शिक्षक, हॉटेलवाले, ट्रेकिंगवाले तिथे मिळाले. रात्री माथेरान आणि कर्जतला जोरदार पाऊस झाला असेल, तर सकाळी मी बदलापूरच्या पातळीवर लक्ष ठेवते. इथे इशारा पातळी साडेसोळा मीटर आणि धोका पातळी साडेसतरा मीटर आहे.

या लिस्टमुळे एक जुनी अफवा आमच्या मजल्यापुरती तरी थांबली. दरवर्षी बारवी धरण भरलं की शेजारचे काका दार वाजवतात.

"ताई, बारवीचं पाणी सोडलंय म्हणे. हेंद्रेपाड्यात शिरणार आता."

"काका, बारवी बदलापूरच्या खाली उल्हासला मिळते. ते पाणी उलटं वर कसं येईल? कर्जतला काल रात्री किती पडला ते बघू या आधी."

आता काका विचारतात तेच मुळी "कर्जत काय म्हणतंय?" असं.

इतर ठिकाणीही करून बघितलं. फेसबुकवर 'फीड्स'मध्ये गेलं की पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसतात आणि काही पेजेस 'फेव्हरिट्स'मध्ये ठेवता येतात, पण असे स्वतंत्र कप्पे होत नाहीत. मॅस्टोडॉनवर लिस्ट आहेत, तिथे मात्र आधी फॉलो करावं लागतं. ब्लूस्कायची रचना मला सर्वांत आवडली. कुणीही केलेलं फीड दुसरा कुणी पिन करू शकतो. पण मला लागणारी सरकारी खाती मला तिथे सापडली नाहीत, आणि त्यांच्याशिवाय माझं काम होत नाही. टेलिग्रामवर चॅनलांचे फोल्डर करता येतात आणि दुव्याने दुसऱ्याला देताही येतात. तिथे मी हौशी निरीक्षकांच्या चॅनलांचा एक फोल्डर केलाय, कारण त्यातले काही जण एक्सवर लिहीतच नाहीत.

एक अडचण सुटलेली नाही. एक्सवर लॉगिन केल्याशिवाय लिस्ट नीट बघता येत नाही, म्हणून सोसायटीतल्या ज्येष्ठांना नुसता दुवा पाठवून भागत नाही. मोठ्या पावसाच्या दिवशी मी 'आत्ता' आणि 'नदी' बघून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वतःच्या शब्दांत लिहिते, आणि पहिल्या ओळीत कुणी सांगितलं आणि किती वाजता हे असतंच. ज्यांचं एक्सवर खातं आहे त्यांच्यासाठी 'नदी' गेल्या पावसाळ्यापासून सार्वजनिक केली. सूचना गेल्यावर नेरळच्या एका निरीक्षकांनी आपणहून कळवलं की कळंब बाजूची एक चांगली नोंद माझ्याकडून सुटली आहे. ती आता लिस्टमध्ये आहे. दर मे महिन्यात मी सगळी खाती पुन्हा तपासते, बंद पडलेली काढते. वांगणी आणि बदलापूरच्या मधल्या गावांतून रोज लिहिणारं कुणी अजून मिळालेलं नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा.