भाड्याचं घर, नोटरीचा कागद आणि डिपॉझिटची भांडणं

मे-जून आला की मला फोन सुरू होतात. पुण्यात एका वकिलांच्या ऑफिसात रजिस्ट्रेशनची कामं बघते मी, त्यामुळे नात्यातले, सोसायटीतले, मुलीच्या मैत्रिणी सगळे मलाच विचारतात, "ताई, घरमालक डिपॉझिट देत नाहीये, काय करू?" आणि मी पहिला प्रश्न एकच विचारते, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर्ड आहे का? उत्तर बहुतेक वेळा असं येतं की नोटरी केलंय ना, एजंट म्हणाला अकरा महिन्यांचंच आहे, रजिस्टर करायची गरज नाही.

हे साफ चुकीचं आहे आणि मला याचा खरंच राग येतो, कारण यात नुकसान दोघांचंही होतं. अकरा महिन्यांचं प्रकरण आलंय १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून, त्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावा लागतो, म्हणून लोकांनी अकराचा आकडा धरला. पण महाराष्ट्राचा स्वतःचा भाडे नियंत्रण कायदा आहे १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू, आणि त्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा आणि रजिस्टर्ड हवा, मग मुदत अकरा महिने असो की तीन वर्षं. लिव्ह अँड लायसन्ससुद्धा, म्हणजे ठरावीक मुदत राहायच्या परवानगीचा करार, त्यात आलं. आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे! केलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे करार रजिस्टर नसेल आणि वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच खरं धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. हजार-दोन हजार वाचवायला नोटरी करणाऱ्या मालकांना हे कोणी सांगतच नाही.

खर्च तरी किती येतो? समजा भाडं २५,००० आणि डिपॉझिट एक लाख, मुदत अकरा महिने. स्टँप ड्युटी म्हणजे एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के, म्हणजे सातशे-आठशे रुपये. शहरात रजिस्ट्रेशन फी १,०००. घरी येऊन बायोमेट्रिक अंगठा घेणारे आहेत, त्यांची फी वेगळी. लाखभर डिपॉझिट अडकलेलं असताना एवढ्यासाठी काटकसर कशाला करायची?

घरमालकांची भीती मला कळते हो. "भाडेकरू बसला तर उठणार नाही" हे आपल्याकडे घराघरात ऐकायला मिळतं आणि ते उगाच नाहीये. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात नंतर दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे लोक लायसन्सवर राहत होते त्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं, कित्येक मालकांची घरं तिथेच अडकली. ती धास्ती आजपर्यंत उतरलेली नाही. पण आजचं लिव्ह अँड लायसन्स तसं नाही, ती फक्त राहायची परवानगी आहे, मुदत संपली की संपली. १९९९ च्या कायद्याचं कलम २४ वाचा, मुदत संपूनही माणूस घर सोडत नसेल तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा, वर्षानुवर्षं कोर्टात जायचं काम नाही, आणि जितके दिवस तो जास्त राहील तितके दिवस दुप्पट दराने भरपाई मागता येते. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत आपली बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, नाहीतर आदेश होऊन जातो. लेखी करारात जे लिहिलंय तो तिथे निर्णायक पुरावा. म्हणून म्हणते, कागद नीट असेल तर मालकालाच जास्त फायदा.

आता डिपॉझिट. ओळखीतल्या एका मुलीचं वाकडला टू बीएचके होतं, सोडताना मालकाने पेंटिंग आणि "डॅमेज" म्हणून चाळीस हजार कापले. मी अ‍ॅग्रीमेंट मागवलं तर त्यात एकच ओळ, पेंटिंगचा खर्च डिपॉझिटमधून वजा करण्यात येईल. किती, कोण ठरवणार, काही नाही! नशिबाने तिने राहायला गेली त्या दिवशीच बेडरूमच्या ओल आलेल्या भिंतीचे फोटो मालकाला व्हॉट्सअ‍ॅप केले होते आणि त्याने "बघतो" असा रिप्लायही दिला होता. आमच्या सरांनी ते स्क्रीनशॉट लावून नोटीस पाठवली, मग बरेचसे पैसे परत आले. फोटो नसते तर तिचं तोंडी कोणी ऐकलं असतं?

डिपॉझिट किती घ्यावं याला आपल्याकडे कायद्याची मर्यादा नाही. २०२१ ला केंद्राने जो आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला त्यात राहत्या घराला दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण तो नमुना आहे, राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय इथे लागू होत नाही. लोक फॉरवर्ड वाचून मालकाशी भांडतात आणि तोंडघशी पडतात.

जुन्या वाड्यातल्या, पगडीच्या (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कमी भाड्यावर राहिलेल्या) भाडेकरूंची गोष्ट पूर्ण वेगळी, त्यांचे हक्क खूप पक्के आहेत आणि त्यांनाच ते सगळ्यात कमी माहीत असतात. पेठेतल्या एका आजींचं पाणी मालकाने तोडलं होतं, बिल्डरला वाडा द्यायचा होता म्हणून, त्या महिनाभर शेजारून बादल्या आणत होत्या. कलम २९ प्रमाणे पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासाची सोय असं काहीही मालकाला सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही, कोर्ट मालकाला नोटीस जायच्या आधीच अंतरिम आदेश देऊन ते चालू करायला लावू शकतं. भाडं थकलं तरी लेखी मागणीच्या नोटिशीनंतर ९० दिवस जाईपर्यंत त्या कारणाने दावा लावता येत नाही. भाड्याची पावती मागणं हाही हक्क आहे. मालक पावती देत नसेल तर भाडं मनीऑर्डरने किंवा बँकेतून पाठवा पण हातात रोख देऊ नका, पुढे तोच म्हणतो भाडं आलंच नाही.

सध्या जे घर बदलतायत त्यांनी सही करायच्या आधी चार गोष्टी करारात घालून घ्या: पेंटिंगची रक्कम आकड्यात, डिपॉझिट किती दिवसांत परत, नोटीस पिरियड दोघांना सारखा, आणि लॉक-इन (ज्या मुदतीत घर सोडता येत नाही) असेल तर तो मोडल्यावर नक्की काय. एजंट म्हणेल "स्टँडर्ड फॉरमॅट आहे, बदलता येत नाही." येतो बदलता, मी रोज बदलते. आणि घर सोडताना रिकाम्या खोल्यांचा व्हिडिओ, मीटरचं रीडिंग, आणि चावी दिल्याची मालकाकडून लेखी पोच, नुसता मेसेज आला तरी चालेल.