माझी गिटार सतत ‘जी’ वाजवत होती

दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत आमच्या बेसवाल्याने ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर बोट ठेवलं, एक सूर लांबवला आणि माझ्या अँपकडे, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरकडे, मान वळवली. ‘ऐक. तू काही वाजवत नाहीयेस, तरी तुझी गिटार जी वाजवतेय. थोडा चढा आहे, पण जी आहे.’

सगळे हसले, मीही हसलो. घरी गेल्यावर आकडे काढले तर पठ्ठ्याचं बरोबर होतं. बेसवरचा तो जी 49 हर्ट्झचा. भिंतीतली वीज 50 हर्ट्झची. म्हणजे जेमतेम एक तृतीयांश सेमीटोन चढा. माझी तीन सिंगल कॉइलची (तारांची थरथर पकडणाऱ्या प्रत्येक पिकअपमध्ये चुंबकाभोवती तारेचं एकच वेटोळं असलेली) गिटार घरातल्या विजेशी सूर जुळवून बसली होती, आणि जी सोडून दुसऱ्या कुठल्याही स्केलमध्ये गाणं धरलं की तो खालचा सूर पायात येत होता.

आधी जे सगळे करतात तेच मीही केलं. केबल बदलली, पेडल एकेक करून काढली, प्लग दुसऱ्या भिंतीत लावला. मग नॉइज गेट घेतलं, म्हणजे वाजवणं थांबलं की आवाज आपोआप बंद करणारं पेडल. गेटने आवाज बंद केला खरा, पण तार ताणून लांबवलेल्या सुराचं शेपूटही तोडून टाकलं. सूर विरत जायच्या ऐवजी कुणीतरी दार आपटावं तसा संपायचा. शिवाय वाजवायला लागलं की गेट उघडतंच, आणि घूं सुराच्या पाठीमागून आत येतेच. एकाने तर अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला दिला. ‘गुणगुण लगेच जाते,’ म्हणे. कधीकधी जातेही, पण तारांना हात लावलेला माणूसही जाऊ शकतो. स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वी 1972 मध्ये स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. त्या पिनला हात लावायचा नाही, एवढं मी तेव्हाच ठरवलं.

खरी सुरुवात झाली ती एका साध्या चाचणीने. अँप चालू ठेवून गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणला. आवाज साफ गेला. व्हॉल्यूम शून्यावर असताना गिटारमधून बाहेर पडणारी वाट ग्राउंडला टेकलेली असते, त्यामुळे आता जे ऐकू येईल ते केबलचं नाहीतर अँपचं. काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणजे केबल आणि अँप निर्दोष. इतके दिवस मी भलत्याच माणसांची झडती घेत होतो.

त्या रात्री मी नुसता ऐकत बसलो, आणि लक्षात आलं की आवाज एक नाहीच, दोन आहेत. एक खालची घूं: गुळगुळीत, छातीत जाणवणारी. दुसरी तिच्यावर बसलेली चर्र: कागदाच्या पुडीत माशी अडकावी तशी. खोलीतला दिव्याचा डिमर फिरवला की चर्र वाढायची, घूं ढिम्म. गिटार घेऊन जागेवर गोल फिरलो की घूं कमीजास्त व्हायची, चर्र तशीच. दोघींचे आईबाप वेगळे आहेत हे इतक्या उशिरा कळलं याची मला आजही लाज वाटते. चर्र येते विद्युत क्षेत्रातून आणि ती धातूच्या आवरणाने अडते. घूं येते ट्रान्सफॉर्मर आणि वायरिंगच्या चुंबकीय क्षेत्रातून. तिच्यापुढे तांब्याची पातळ पट्टी म्हणजे डासांसमोर मासेमारीचं जाळं.

पहिली चर्र. साधारणपणे तारांना हात लावला की ती कमी होते, कारण आपलं शरीर हाच मोठा अँटेना असतो आणि तारांतून तो ग्राउंड होतो. माझ्या गिटारवर तारांना हात लावून काही फरक पडत नव्हता. पण केबल जिथे खुपसतात त्या जॅकच्या प्लेटला बोट टेकवलं की चर्र निम्म्याने खाली! मल्टिमीटरचं एक टोक तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या ब्रिजला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या कडीला लावलं. बीप नाही. ब्रिजचा ग्राउंडशी संबंधच तुटलेला होता.

मागचं झाकण उघडलं. ट्रेमोलोच्या, म्हणजे ब्रिज हलवून सूर डुलवायच्या दांडीच्या, स्प्रिंगा ज्या पंजाला अडकवलेल्या असतात त्याच्यावर काळी वायर सोल्डर केलेली होती. दिसायला सगळं ठीक. लाकडी काडीने जरा ढकलली तर वायर सोल्डरच्या गोळ्यात सैल दातासारखी हलली. गोळा वरून करडा, निस्तेज, पंजावर नुसता बसलेला; पसरून चिकटलेला नव्हे. गिटार जुनी घेतलेली, त्यामुळे हे काम कुणाचं ते माहीत नाही, पण ज्याने केलं त्याची सोल्डरिंगची इस्त्री थंड होती. मीही 25 वॅटच्या इस्त्रीने तीच चूक केली. पंजा जाड लोखंडाचा, सगळी उष्णता गिळून टाकतो. सोल्डर वितळतं, पण धातू तापत नाही. तिसऱ्या प्रयत्नाला पॉलिश पेपरने जागा चकचकीत घासली, फ्लक्स लावलं, मागून आणलेली 60 वॅटची इस्त्री आधी पंजावर टेकवून मनात वीसपर्यंत मोजलं आणि मग सोल्डर लावलं. ते पाण्यासारखं पसरलं. मीटर बीप. तारांना हात लावला की चर्र आता दबायला लागली.

हात काढला की मात्र परत. म्हणून तांब्याची चिकटपट्टी आणली आणि पिकअपचे खड्डे, कंट्रोलचा खड्डा, पिकगार्डची मागची बाजू, सगळं मढवून काढलं. एक पूर्ण रविवार. माझ्या पट्टीचा गोंद वीज वाहून नेत नव्हता, म्हणून प्रत्येक जोडावर सोल्डरचा एकेक ठिपका. शेवटी आतून गिटार देवघरातल्या तांब्यासारखी झळकत होती. तारा चढवल्या, केबल लावली, अँप चालू केला.

शांतता. चर्र नाही, घूं नाही, आणि गिटारही नाही.

पुढचे दोन तास सांगण्यासारखे नाहीत. मीटरवर सगळं बरोबर येत होतं: जॅकच्या दोन टोकांमध्ये सहा किलोओहमच्या आसपास, म्हणजे पिकअप जिवंत. अँपला लावलं की मुकी. मग केव्हातरी सुचलं की मी मोजतोय ते प्लग काढून, आणि वाजवतोय प्लग लावून. केबल गिटारमध्ये खुपसली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला मोजलं. शून्य! प्लग आत गेला की जॅकची ती वाकडी पट्टी बाहेर सरकते, आणि माझ्या जॅकची पट्टी बरोबर समोरच्या तांब्याला जाऊन टेकत होती. एवढ्या भागावर साधा इन्सुलेशन टेप लावला आणि गिटार बोलायला लागली. तेव्हापासून मी कुठलाही जॅक प्लग घालूनच तपासतो.

चर्र जवळजवळ गेली. घूं जिथल्या तिथे. हे मला आधी माहीत होतं, तरी मनात कुठेतरी आशा होती.

घूं घालवायचा खरा उपाय जुना आहे. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये हंबकर नावाच्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला, 1959 मध्ये ते मिळालं. कल्पना अशी: दोन कॉइल, उलट दिशेने गुंडाळलेल्या, चुंबकही उलटे. बाहेरची घूं दोन्ही कॉइलमध्ये शिरते पण एकमेकींच्या विरुद्ध, म्हणून कापली जाते. तारेचा सूर मात्र दोनदा उलटल्यामुळे सरळ होतो आणि त्याची बेरीज होते. मग हंबकरच का नाही बसवला? कारण मला नेक पिकअपवरचा (गिटारच्या मानेकडच्या पिकअपवरचा) तो काचेसारखा सूर हवा होता. हंबकर दोन ठिकाणची तार एकदम ऐकतो आणि वरची धार थोडी गोल करतो. रिदमला छान, पण माझ्या गाण्यांना नको.

मधला मार्ग स्विचमध्ये होता. तीन सिंगल कॉइलच्या बऱ्याच गिटारींत मधला पिकअप उलट गुंडाळलेला आणि उलट चुंबकाचा असतो, म्हणून स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर, जिथे दोन पिकअप एकत्र वाजतात, घूं मिटते. माझ्या गिटारवर ती तिथेही होती. होकायंत्र आणून एकेका पिकअपवर धरलं. तिन्हींनी सुईचं तेच टोक ओढलं. (सुई फार जवळ नेऊ नका. मी एकदा टेकवली आणि सुईच उलटी चुंबकित झाली. नंतर बराच वेळ माझ्या घराची उत्तर दक्षिणेला होती.) मधला पिकअप बदलून उलटा घेतला. दुसरी आणि चौथी जागा आता इतकी शांत की स्विच हलवला की खोलीतला पंखा ऐकू येतो.

उरल्या त्या एकट्या पिकअपच्या तीन जागा. तिथे हातालाच शिकावं लागलं. मी ओव्हरड्राइव्हवर (आवाज खरखरीत, भरदार करणाऱ्या पेडलवर) गेन, म्हणजे सिग्नल फुगवायचं बटण, लागतो त्याच्या दीडपट ठेवत होतो, कारण एकट्याने वाजवताना ते भरदार वाटतं. गेन तारेचा आवाज वाढवतो तशी घूंही वाढवतो. गेन खाली आणला आणि उरलेला जोर पिकने दिला. थांबलो की उजव्या हाताची करंगळी व्हॉल्यूमवर, हे आता विचार न करता होतं. आणि अँपच्या अंगावर उभं राहायचं नाही: त्याच्या पोटातला ट्रान्सफॉर्मर हीच घूंची खाण. तीन पावलं मागे आणि गिटार जराशी तिरकी. प्रत्येक जागेत एक दिशा अशी असते की कॉइलला ते क्षेत्र जवळजवळ दिसतच नाही. तालमीच्या खोलीत माझी दिशा निघाली खिडकीकडे तोंड, बँडकडे खांदा.

परवा बेसवाला म्हणाला, ‘तू आमच्यावर रागावलायस का? सारखा बाहेर बघत वाजवतोस.’ मी सांगितलं. तो फिदीफिदी हसला, आणि पुढच्या गाण्यासाठी त्याच्या जॅझ बेसवरचा नेक पिकअप पूर्ण बंद केला. त्याच्या अँपमधून तोच, थोडासा चढा जी यायला लागला.

‘अरे, हे काय?’

‘दोन्ही पिकअप सारखे उघडे असतील तर कापलं जातं. एकच ठेवलास की येणारच.’

‘पण मला इथे एकच हवाय.’

‘मग ये इकडे,’ मी म्हणालो आणि खिडकीजवळ थोडा सरकलो.