जिवतीचा कागद

शनिवार

चार महिने झाले, एकही ब्लॉक, म्हणजे छपाईचा कोरीव ठसा, पुरा केलेला नाही. टेबलावर लिनोचे, म्हणजे ठसे कोरायच्या लिनोलियमचे, तीन तुकडे अर्धवट कोरून पडलेत. त्यात हा पाऊस. तेलाची शाई दोन-दोन दिवस ओली राहते, कपाटातल्या चांगल्या कागदाला दमट वास येतो आणि कडेला बुरशीचे बारीक ठिपके दिसायला लागले की पोटात गोळा येतो.

आज ठरवून फोर्टात गेले. मुद्राचित्रांचं, म्हणजे ठशावरून छापलेल्या चित्रांचं, एक छोटं प्रदर्शन लागलंय आणि त्यात बंगाली चित्रकार चित्तप्रसाद यांचे लिनोकट आहेत एवढं कळलं होतं. पुस्तकांत ते कितीदा पाहिलेत, पण समोर, हातभर अंतरावर, मूळ छाप पहिल्यांदाच पाहिली. पुस्तकात काळा म्हणजे नुसता काळा. इथे त्या काळ्यात रोलर फिरल्याची कणकण दिसते. एका जागी शाई कमी पडलीय, तिथून कागद डोकावतो. एका पोराच्या डोळ्यांत जेमतेम दोन पांढऱ्या खाचा मारल्यात, हत्यार एकदाच टेकवून उचलल्यासारख्या, आणि तो पोरगा थेट आपल्याकडे बघतो.

1943च्या बंगालच्या दुष्काळात हा माणूस मेदिनीपूरच्या गावांतून पायी फिरला. जे पाहिलं ते रेखाटून 'हंगरी बेंगॉल' नावाची पुस्तिका काढली आणि ती ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळली. नंतर मुंबईत आले आणि आयुष्याची पुढची बरीच वर्षं अंधेरीत काढली. आमच्याच शहरात! राबणाऱ्या पोरांवरची त्यांची लिनोकटची मालिका पन्नासच्या दशकातली. लिनो त्यांनी हाताशी धरला तो स्वस्त म्हणून, एका ब्लॉकमधून कितीही प्रती निघतात म्हणून, चित्र खूप लोकांपर्यंत जावं म्हणून.

आणि मी काय करते? बारा प्रती काढते. खाली पेन्सिलने 1/12, 2/12 घालते, सही करते आणि बटर पेपरमध्ये गुंडाळून फोल्डरमध्ये ठेवून देते. हे असंच करायचं असतं हे मी शिकले आणि आजवर त्यावर कधी प्रश्न पडला नाही. परतीच्या गाडीत तोच विचार डोक्यात घोळत होता.

मंगळवार

आईचा सकाळी फोन. गुरुवारी दिव्यांची अवस, शुक्रवारपासून जिवत्या. 'जिवतीचा कागद आण, मागच्या वर्षीचा कोपऱ्यात फाटलाय. आघाडा-दुर्वा ताज्या बघून घे.'

दादर स्टेशनबाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. कागदवाल्याकडे जिवतीच्या चित्रांची चळत होती, वरून प्लॅस्टिक टाकलेलं. दहा रुपयांना एक. मी घेतला आणि तिथेच पुलाच्या जिन्याखाली उभी राहून बघत बसले. लहानपणापासून दर श्रावणात हे चित्र आमच्या देवघराशेजारी असतं. खांबातून निघालेला नरसिंह, कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, मध्ये पोरं अंगाखांद्यावर घेतलेल्या दोघीजणी, पाळणा, खाली हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. चार गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही आणि तरी सगळं एका चौकटीत गुण्यागोविंदाने बसलेलं. रचना म्हणून बघितलं तर किती धीट आहे हे!

आजवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं की हेही एक प्रिंट आहे. जे.जे. कला महाविद्यालयात शिकताना जर्मन काष्ठठसे पाठ केले, जपानी पाठ केले, आणि घरच्या भिंतीवरचं हे चित्र मात्र 'मुद्राचित्र' या शब्दाखाली कधी आलंच नाही. पिशवीत भिंग होतं. लावून बघितलं. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके, आणि त्यातला गुलाबी एका बाजूला सरकलेला. एका जिवतीच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरलाय.

रंग सरकणं ही छपाईइतकीच जुनी गोष्ट. आजीकडे रविवर्म्याची लक्ष्मी होती, तिच्या पदराच्या काठालाही असाच दुसऱ्या रंगाचा केसभर पडसाद होता. रविवर्म्याने 1894मध्ये मुंबईत छापखाना घातला आणि तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे एका चित्राला रंगागणिक छपाईचा वेगळा दगड लागायचा. एकावर एक इतके दगड छापायचे म्हणजे कागद दर वेळी त्याच खुणेवर बसायला हवा. पावसाळ्यात कागद फुगतो आणि खूण चुकते. मळवलीचा पाऊस मला ठाऊक आहे. तिथे कागद सांभाळणाऱ्या माणसांचे हात डोळ्यांपुढे आले. त्याच्याही आधी पुण्यात 1878 साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या मंडळींनी चित्रशाळा हा छापखाना काढला होता. देवादिकांची, इतिहासातल्या माणसांची चित्रं तिथून मराठी घरांत गेली. त्यातल्या कुठल्याही चित्रावर कुणी 3/12 लिहिलं नव्हतं. ती भिंतीसाठी होती. धुरकटली, फाटली की नवीन आणायची.

आघाडा घेतला तो पुलाच्या तोंडाशी बसलेल्या दोघींकडून. फडक्यावर दुर्वांच्या जुड्या, आघाडा, तेरडा. दोघींचीही पोरं तिथेच, एक पाठीमागे फडक्यात झोपलेलं. या बायका कसाऱ्याकडून येतात. रानातून पत्री खुडायची, पहाटेची गाडी पकडायची, माल संपला की परत.

दुपारी तीनच्या कसारा लोकलला मी चढले तर त्याच दोघी दारापाशी खाली बसलेल्या. टोपल्या रिकाम्या, पोरं मांडीवर. एकीचं झोपलेलं, दुसरीचं तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होतं. वर कड्यांची रांग गाडीबरोबर एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे झुलत होती. पाळणा हलावा तशी.

माझ्या मांडीवर गुंडाळलेला जिवतीचा कागद होता.

वही काढली. त्यातल्या थोरलीने माझ्याकडे बघितलं तेव्हा मी वही दाखवून मानेनेच विचारलं. ती हसली आणि पोराच्या तोंडावरून पदर बाजूला केला, चेहरा नीट दिसावा म्हणून. डोंबिवलीपर्यंत चार पानं झाली. झोपलेल्या पोराच्या पायात काळा दोरा होता. तो मी मुद्दाम वेगळा मोठा काढून ठेवला.

गुरुवार, दिव्यांची अवस

सकाळी आईने समया, निरांजनं, आजीचा कंदीलसुद्धा घासून पाटावर मांडला. कणकेचे गोड दिवे झाले. मी एका हाताने खात, दुसऱ्या हाताने रेखाटन लिनोवर उतरवलं.

लिनो गारठून कडक झाला होता. उन्हात ठेवायला ऊन नाही, म्हणून वर कागद ठेवून इस्त्री फिरवली. जवसाचं तेल आणि बुचाचा भुगा यांचा तो वास यायला लागला की मला बरं वाटतं. मऊ झालेल्या लिनोतून यू आकाराच्या तोंडाचं हत्यार लोण्यातून जावं तसं जातं आणि पुढून शेवयांसारखी गुंडाळी निघत राहते.

लिनोत जे कोरून काढाल ते पांढरं आणि जे सोडाल ते काळं. म्हणजे ओढलेली रेघ नसतेच. दोन्ही बाजूंची जमीन खणायची आणि मधला बांध राखायचा. तो पायातला दोरा म्हणजे एक मिलिमीटरचा बांध. दुपारी अडीचला तो तुटला. हत्यार घसरलं आणि अर्ध्या इंचाचा तुकडा उडाला. चिकटवून बघितला, पण शाईच्या रोलरला तो टिकणार नव्हता. तासभर नुसती बसून राहिले.

मग नवा तुकडा घेतला, व्ही आकाराच्या तोंडाचं हत्यार दगडावर नीट पाजळलं आणि या वेळी सुरुवातच दोऱ्यापासून केली. तो साधल्यावर भोवतीचा पाय, मग मांडी, मग आई. आजवर मी नेहमी चौकटीपासून आत कोरत आले. आज एका दोऱ्यापासून बाहेर गेले. रात्री एकला कड्यांची रांग संपली तेव्हा तर्जनीला फोड आला होता आणि चार महिन्यांत पहिल्यांदा उद्याची घाई झाली होती.

शुक्रवार

आईने कागद भिंतीला लावला, आघाडा-दुर्वांची माळ घातली, कापसाचं वस्त्र वाहिलं. पुरणाच्या दिव्यांनी मला ओवाळलं. मग नेहमीप्रमाणे दाराशी जाऊन बंगळुरूच्या दादासाठी चारी दिशांना अक्षता टाकल्या. लेकरू कुठल्या दिशेला आहे याचा हिशेब ठेवायचा नाही, सगळीकडे टाकायच्या. मी हे दर वर्षी बघते. आज त्या चार मुठी बघताना मला माझ्या प्रती दिसल्या आणि तिथेच ठरलं की नंबर घालायचे नाहीत.

हातकागद तसाच गुंडाळून ठेवला आणि पातळ नेपाळी कागद काढला. काचेवर शाई पसरली. ती बरोबर झाली की रोलरखाली आवाज बदलतो, चिकट चपचप जाऊन बारीक सळसळ येते, पत्र्यावर भुरभुर पाऊस पडावा तशी. माझ्याकडे प्रेस नाही. कागदाच्या पाठीवर लाकडी चमच्याने घासते. पातळ कागदातून काळं वर झिरपल्यासारखं दिसत जातं, आधी कड्या, मग खांदे, मग पोराचा पाय. कागदाचा कोपरा धरून सोलला. दोरा अखंड आला होता.

संध्याकाळपर्यंत चाळीस प्रती निघाल्या. घरभर दोऱ्या बांधून चिमट्यांना लावल्या. शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या त्या त्यांच्याखालून वाकत आत शिरल्या. एकीसमोर बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, 'आमच्याकडे लावू का ही, जिवतीशेजारी?' मी ओलीच काढून दिली.

गुरुवार

दुसऱ्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी त्या दोघी पुन्हा येणार हा अंदाज होता. सहा दिवस पंख्याखाली ठेवूनही शाई पुरती सुकली नव्हती. दोन प्रती वर्तमानपत्रात घालून दादरला गेले. पुलाच्या तोंडाशी थोरली एकटीच होती. पोर तिच्यापुढे दुर्वांच्या ढिगात बसून एक-एक काडी उपसत होतं.

मी चित्र तिच्या हातात दिलं. तिने ते लांब धरलं, जवळ आणलं. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला तिने थांबायला सांगितलं. मग बोटाने दोरा दाखवून म्हणाली, 'बाई, ह्यो ह्या पायात नाय. त्या पायात हाय.' आणि पोराचा पाय उचलून दाखवला.

ठसा उलटा उमटतो, हे मला माहीत आहे. आरशात धरून उतरवायचा असतो, हेही. माणसांच्या चित्रात डावं-उजवं कोण बघतंय, असं धरून मी रेखाटन तसंच लिनोवर उतरवलं होतं. आजवर कुठल्या प्रदर्शनात कुणी हे विचारलं नव्हतं. मी तिला म्हटलं की छापताना उलटं होतं, चूक माझी, पुन्हा काढून आणते. ती म्हणाली, 'पुढच्या बेस्तरवारी मी हायेच हितं.'

मग तिने कागदाची चार पदरी घडी घातली, कमरेच्या चंचीत सारली आणि अंगठ्याला लागलेलं काळं लुगड्याला पुसून गिऱ्हाइकाला जुडी बांधून दिली.

घरी आले ती लिनोवर इस्त्री फिरवायला घेतली. रेखाटन खिडकीच्या काचेला पालथं लावून दोरा आता उलट बाजूच्या पायात दिसतोय ना, हे तीनदा बघितलं.