शेहेचाळीस टक्के

वडिलांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे ४६ लिहिलेलं होतं.

"म्हणजे निम्म्याहून थोडी कमी शक्यता. बरोबर ना मॅडम?"

परदेशी प्रवेशांचं समुपदेशन करते, त्यामुळे टक्क्यांचा प्रश्न मला रोजच विचारला जातो. बहुतेक पालक गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल घेऊन येतात आणि "किती चान्स आहे?" म्हणून माझ्या तोंडाकडे बघतात. हे गृहस्थ मात्र उत्तर स्वतःच काढून आले होते. अमेरिकेतली बारा विद्यापीठं, प्रत्येकाचा प्रवेशदर सरासरी ५ टक्के. एका ठिकाणी नकार येण्याची शक्यता ०.९५, ती बारा वेळा गुणली की ०.५४, आणि एकातून वजा केली की निदान एका ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता ०.४६. आकडेमोडीत काही चूक नव्हती. मुलगी शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती.

मी विचारलं, "निबंध बाराही ठिकाणी वेगळे आहेत का?"

मुख्य निबंध एकच होता, साडेसहाशे शब्दांच्या मर्यादेतला. शिफारसपत्रं त्याच दोन शिक्षकांची, गुण तेच, उपक्रमांची यादी तीच. म्हणजे परीक्षक बारा आणि उत्तरपत्रिका एक. ती पहिल्याला फिकी वाटली तर बाकीच्यांनाही तशीच वाटण्याची शक्यता मोठी. नुसता गुणाकार करायचा तर बारा निर्णय एकमेकांपासून स्वतंत्र हवेत, आणि ते तसे नसतात. एकाच मुलाला चार नामांकित विद्यापीठं होकार देतात आणि त्याच्याइतकेच गुण असलेल्या दुसऱ्याला एकही देत नाही, असं दर वर्षी दिसतं ते यामुळेच.

"ठीक," ते म्हणाले. "पण ५ टक्के तर खरे आहेत ना?"

खरेच आहेत, पण कुणाचे? हार्वर्डचं उदाहरण घेतलं. २०२४ साली तिथे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश देऊ केला गेला, म्हणजे ३.६ टक्के. ही सरासरी फार वेगवेगळ्या रांगांची मिळून होते. प्रवेश देताना वंश बघण्यावरून हार्वर्डवर झालेल्या गाजलेल्या खटल्यात (त्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये दिला) जुनी आकडेवारी उघड झाली होती. विद्यापीठाच्या संघांसाठी हेरलेल्या खेळाडूंपैकी ८६ टक्क्यांच्या आसपास अर्जदारांना प्रवेश मिळत होता आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांशांना. या रांगा बाजूला काढल्या की उरलेल्यांचा दर सरासरीच्याही खाली जातो. अमेरिकेतल्या एमआयटीचा एकूण दर २०२४ साली साडेचार टक्के होता, पण परदेशी अर्जदारांचा २ टक्क्यांच्या आसपासच असतो. मुलगी उभी होती ती या रांगेत.

मग त्यांनी एसएटीचा, म्हणजे अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेचा, विषय काढला. मुलीचे १६०० पैकी १५४०. विद्यापीठं दर वर्षी आपली माहिती एका ठरलेल्या नमुन्यात देतात, त्याला कॉमन डेटा सेट म्हणतात. त्यात दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या गुणांचा मधला पट्टा असतो, म्हणजे त्यांतल्या मधल्या निम्म्यांचे गुण. हार्वर्डचा साधारण १५०० ते १५८०. "म्हणजे ही अगदी मधोमध!" वडिलांचा चेहरा खुलला. पण तो पट्टा आत गेलेल्यांचा आहे. १५४० मिळवून बाहेर राहिलेले किती, हे त्यात कुठेच नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. मी त्यांना त्याच कागदपत्रातला दुसरा तक्ता दाखवला. कोणती गोष्ट 'अति महत्त्वाची', कोणती नुसती 'विचारात घेतली जाते', हे त्यात विद्यापीठ स्वतःच सांगतं. पालकांनी इंटरनेटवरच्या शक्यता मोजणाऱ्या यंत्रांवर घालवलेला वेळ या तक्त्यावर घालवला तर माझं निम्मं काम वाचेल. ती यंत्रं दशांश चिन्हासकट उत्तर देतात, म्हणून लोकांचा विश्वास बसतो.

त्यानंतर मी तो प्रश्न विचारला, ज्याला त्यांच्या तक्त्यात रकानाच नव्हता. आर्थिक मदत लागेल का?

"लागेल. बरीच."

इथे सगळा हिशेब बदलला. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अलीकडे ब्राउन ही विद्यापीठं परदेशी अर्जदारालाही मदत हवी आहे की नको, हे प्रवेशाचा निर्णय घेताना बघत नाहीत. यादीतली उरलेली सात बघतात. त्यांत स्टॅनफर्ड, कोलंबिया आणि कॉर्नेलही आले. तिथे परदेशी मुलांसाठीचा पैसा मोजका असतो, आणि मोठी मदत मागणाऱ्याची स्पर्धा त्या पैशासाठीही असते. अर्ज तोच, मुलगी तीच, पण फॉर्ममधल्या एका 'हो'मुळे शक्यता खाली येते.

"मग आत्ता 'नको' लिहू. एकदा प्रवेश मिळाला की बघता येईल."

हा मार्ग दर वर्षी कुणीतरी सुचवतंच. अशा बऱ्याच विद्यापीठांत सुरुवातीला मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढची चारही वर्षं ती मागता येत नाही. प्रवेश हातात आणि भरायला पैसे नाहीत, ही अवस्था नकारापेक्षा वाईट. मी हे जरा कडक आवाजात सांगितलं असावं, कारण ते गप्प झाले.

तेवढ्यात मुलगी बोलली. "बाबा, तुमचंच गणित धरलं तरी ५४ टक्के शक्यता कुठेच न मिळण्याची आहे. तो रकाना तुम्ही केलाच नाहीत."

त्यांनी एकदम तिच्याकडे पाहिलं. इतका वेळ तिने तक्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही असं मलाही वाटत होतं.

त्या एका वाक्याने माझं काम सोपं केलं. मदतीची गरज बघणाऱ्या त्या सातांपैकी पाच नावं काढली. त्यांच्या जागी तीन अशी घातली जिथे दार रुंद आहे. त्यांत ॲरिझोना स्टेट होतं. तिथे दहापैकी जवळपास नऊ अर्जदारांना प्रवेश मिळतो आणि गुणांवर शिष्यवृत्ती किती मिळू शकेल याचा अंदाज आधीच काढता येतो. वडिलांना हे नाव पसंत नव्हतं. मुलगी तिथला अभ्यासक्रम आधीच वाचून आली होती आणि तिला तो आवडला होता, त्यामुळे ते राहिलं.

राहता राहिला १ नोव्हेंबरचा, नेहमीच्या मुदतीआधी करायचा लवकरचा अर्ज. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तिघांपैकी एकाच ठिकाणी तो करता येतो. वडिलांनी पुन्हा लॅपटॉप ओढला. "येल घेऊ. मागे एका वर्षी लवकर अर्ज करणाऱ्यांचा दर ९ टक्के होता आणि एकूण दर ३.७. म्हणजे जवळपास अडीच पट!"

मी काही म्हणायच्या आत मुलीने विचारलं, "त्या ९ टक्क्यांत खेळाडू किती, बाबा?"